निवड क्रमांक 795 : आपल्या घरातल्या कॉफीची कुळकथा

कुणकेश्वरला आलेल्या माणसाला देवाबरोबर एक कथाही घेऊन जावी लागते. एक अरब व्यापारी वादळात सापडला. किनाऱ्यावर त्याला मिणमिणता दिवा दिसला आणि वाचलो तर इथे देऊळ बांधीन, असं तो बोलून गेला. वाचला, शब्द पाळला. मग परक्या देवाचं देऊळ बांधणाऱ्याला आपली माणसं परत घेणार नाहीत, या भयानं त्यानं त्याच देवळाच्या शिखरावरून उडी टाकली. त्याचं म्हणून दाखवलं जाणारं थडगं देवळाजवळ आहे. या कथेला दाखला मागू नये. आमच्याकडे कुणी मागतही नाही. मला मात्र लहानपणापासून वेगळाच प्रश्न पडायचा : त्या गलबतात माल काय होता?

पुढे कॉफीच्या इतिहासाचा नाद लागला तेव्हा, त्यात कॉफीची पोती असती तर काय बहार झाली असती, असं वाटून गेलं. नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. देवळाचा काळ यादवांपर्यंत मागे नेला जातो, आणि कॉफी हे पेय म्हणून भरवशानं दिसतं ते पंधराव्या शतकातल्या येमेनमध्ये, रात्र जागवणाऱ्या सूफींच्या मेळ्यात. महाशिवरात्रीच्या जागरणाला कॉफी पिणाऱ्या आमच्या घराला ते सूफी जवळचे वाटावेत. गलबतवाला बिचारा फार आधीचा.

आपल्या किनाऱ्यावरच्या कॉफीच्या जुन्या नोंदींपैकी एक सुरतेची आहे. सर थॉमस रोचा पाद्री एडवर्ड टेरी 1616 मध्ये तिथे उतरला. दारू न पिणारे धार्मिक लोक काळं बी उकळून एक पेय घेतात, ते प्रकृतीला जितकं मानवतं तितकं जिभेला रुचत नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. चवीची तक्रार इतकी जुनी आहे. त्याच शतकात बाबा बुडन यांनी मक्केहून परतताना मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. सात हा आकडा पुराणातला म्हणून सोडून द्या. पण मूठभर बियांपासून पुढचे मळे उभे राहिले, ही गोष्ट झाडांकडे पाहिलं तर खरीच वाटते, आणि या लेखाची सगळी गुंतागुंत तिथेच सुरू होते.

आमच्या घरात चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. पाहुणा, ताप, बाळंतीण, महाशिवरात्र. दुधात साखर घालून उकळायची, वरून भुकटी, आणि उतरवताना जायफळ उगाळून. जायफळ परसातलं. भुकटी घाटावरून यायची. वडील कोल्हापूरला गेले की आणायचे. दुकानदार दोनच शब्द उच्चारायचा : ‘प्लँटेशन ए’ आणि ‘पीबेरी’. त्यातही पीबेरी म्हटली की विचारणाऱ्याची प्रतिष्ठा वाढायची. या दोन शब्दांचा झाडाच्या जातीशी काही संबंध नाही, हे मला पन्नाशीच्या आसपास कळलं. प्लँटेशन म्हणजे फळाचा गर पाण्यानं धुऊन काढलेली अरेबिका, पुढचं अक्षर दाण्याच्या आकाराचं. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी भरली तर ती. आंब्याला नुसतं ‘पेटी नंबर एक’ म्हणावं आणि हापूस की पायरी ते सांगूच नये, तसं.

झाडाचं नाव हरवण्याला एक सरकारी कारणही आहे. 1942 च्या कॉफी कायद्यानंतर मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. प्रत ठरे, गुण मिळत, पैसे हप्त्यानं येत, आणि सगळ्यांची कॉफी एकत्र होऊन लिलावाला जाई. 1990 च्या दशकात ही पद्धत मोडेपर्यंत मळ्याचं नाव, झाडाची जात, डोंगराची बाजू या कशाचाच पुडीपर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता. या पद्धतीनं पडत्या काळात लहान मळेवाल्याला तगवलं, हेही खरं. पण माझ्या आईच्या पिढीनं आयुष्यभर जी कॉफी प्याली तिचं नाव त्यांना कुणी सांगितलं नाही. मी शोधत गेलो तेव्हा ते नावही निघालं ते असं रुक्ष : एस. 795. एस. म्हणजे सिलेक्शन, निवड. कोल्हापूरच्या त्या पुडीत नेमकी हीच होती याची पावती माझ्याकडे नाही. पण त्या काळातल्या दक्षिणेच्या अरेबिकाच्या मळ्यांत ही जात इतकी पसरलेली होती की तिचा अंश नसलेली पुडी मिळणंच अवघड.

आता तिच्या जन्माकडे. त्याआधी तांबेरा.

गव्हावरचा तांबेरा घाटावरच्या शेतकऱ्याला ठाऊक असतो. कॉफीवरचा तांबेरा त्याच गोतातला. पानाच्या पाठीमागून, श्वसनाच्या छिद्रांतून बुरशी आत शिरते आणि काही दिवसांनी त्याच बाजूला नारिंगी भुकटी धरते. पान गळतं. झाड लगेच मरत नाही, हेच वाईट. अंगावर फळांचा भार आणि अन्न करायला पानं नाहीत, अशा अवस्थेत ते फांद्यांच्या टोकांपासून वाळत जातं. 1869 मध्ये सिलोनहून आलेल्या पानांवरून इंग्लंडमध्ये बर्कली आणि ब्रूम यांनी या बुरशीला नाव दिलं, हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स. दुसऱ्या शब्दाचा अर्थ विध्वंस करणारी. नाव ठेवताना त्यांना पुढचं दिसलं असावं असं वाटतं. 1870 च्या सुमारास सिलोनची कॉफी निर्यात दहा कोटी पौंडांच्या घरात होती. वीस वर्षांत ती पन्नास लाख पौंडांच्या आसपास आली, आणि बेट चहाकडे वळलं.

मध्यंतरी मार्शल वॉर्ड नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ 1880 ते 1882 तिथे राहून गेला. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर जातात, आणि डोंगरच्या डोंगर एकाच झाडानं भरले की वाऱ्याला अडवायला काही उरत नाही, असं त्यानं दाखवलं. मळेवाल्यांना औषध हवं होतं. त्यांना मिळालं ते निदान. माझ्या वाचनात आलेल्या शास्त्रज्ञांत हा मला सर्वांत एकटा वाटतो.

बुरशी लवकरच पाण्याच्या अलीकडे, म्हैसूर-कूर्गात आली. तिथे आधीच एक पिढी संपत आली होती. बाबा बुडनच्या डोंगरातून आलेल्या जुन्या झाडाला ‘चिक’ म्हणत, चिकमगळूरवरून. खोड पोखरणाऱ्या किड्यानं त्याचे मळे 1860 च्या दशकात झोपवले होते, त्यात तांबेरा आला. मग ‘कूर्ग’ नावाची जात लावली गेली. काही वर्षं ती टिकली, मग तीही पिवळी पडू लागली. 1911 मध्ये दोड्डेनगुड्डा मळ्यावर केंट नावाच्या मळेवाल्याला आजारी झाडांत एक धडधाकट झाड दिसलं. त्याच्या बियांपासून ‘केंट’ जात झाली. चव उत्तम, तांबेरा नाही. लोकांनी धडाधड केंट लावली. आणि केंटवरही भुकटी दिसू लागली.

हे वाचताना मी प्रथम गोंधळलो होतो. झाड तेच, मग काल निरोगी होतं ते आज आजारी कसं? याचं उत्तर म्हैसूर संस्थानात मिळालं, आणि जगात प्रथम तिथेच. संस्थानचे शेतीसंचालक लेस्ली कोलमन, मूळचे कॅनडाचे, यांच्या प्रयत्नानं 1925 मध्ये बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र कायमचं उभं राहिलं. तिथल्या विल्सन मेन या संशोधकानं निरनिराळ्या झाडांच्या पानांवर निरनिराळ्या ठिकाणची भुकटी लावून पाहिली. एक भुकटी कूर्गला धरे, केंटला नाही. दुसरी दोघांनाही धरे. डोळ्यांना दोन्ही सारख्याच नारिंगी. बुरशीत वंश आहेत, हे त्यानं 1932 मध्ये मांडलं. केंट आजारी पडायला शिकली नव्हती. केंटला आजारी पाडणारा वंश मळ्यांत वाढला होता, आणि तो वाढण्यासाठी लागणारी मैलोन्‌मैल केंट आम्हीच, म्हणजे माणसांनी, लावून ठेवली होती.

तेव्हा नुसतं धडधाकट झाड शोधून भागणार नव्हतं. अरेबिकाच्या घराण्यात, त्या मूठभर बियांच्या वंशावळीत, फारसं काही उरलं नव्हतं. बाहेरचं रक्त हवं होतं. पण अरेबिकाची गुणसूत्रं 44 आणि तिच्या बहुतेक सगळ्या भाऊबंदांची 22. त्यांचा संकर झाला तरी बहुधा वांझ निघतो. इथे नशीब आडवं न येता पुढे आलं. तांबेऱ्याच्या पहिल्या तडाख्यानंतर मळेवाल्यांनी लायबेरियातली ‘लिबेरिका’ आणून पाहिली होती : उंच झाड, जाड कातडी पानं, मोठं फळ, चव राकट. कॉफी म्हणून ती रुजली नाही, पण कडेकडेनं काही झाडं राहिली. वारा आणि मधमाश्या यांना जातीचं सोयरसुतक नसतं. अरेबिका-लिबेरिकाच्या अशा एका आपोआप झालेल्या संकराला केंद्राच्या नोंदवहीत क्रमांक मिळाला 26. त्याच्या संततीतल्या एका झाडाचा क्रमांक 288. हे झाड तांबेऱ्याला दाद देईना, केंटला झोपवणाऱ्या वंशालाही.

चव मात्र लिबेरिकाकडची. शिवाय दाण्यांत खोट फार : पोकळ, वेडेवाकडे. नुसतं रोगाशी भांडायचं असतं तर 288 लावून मोकळं होता आलं असतं. जावात तांबेऱ्यानंतर शेवटी ‘रोबस्टा’ लावून नेमका हाच मार्ग घेतला गेला. ती जात खरोखर दणकट, आणि कडू. बाळेहोन्नूरच्या लोकांनी तसं केलं नाही. त्यांनी 288 चा संकर केंटशी केला. म्हणजे जिची चव सगळ्यांना आवडे आणि जिला तांबेऱ्यानं पाडलं होतं, तिच्याशी. संततीतून निवड करत ते एका झाडाशी थांबले. 1940 च्या दशकाच्या मध्यावर एस. 795 चं बी मळेवाल्यांच्या हाती गेलं. कॉफीचं झाड फळाला यायला तीन-चार वर्षं लागतात, एका पिढीची परीक्षा घ्यायला त्याहून अधिक. म्हणजे 1925 ला लावलेला दिवा वीस वर्षांनी दिसला. युद्ध, मंदी, सगळं मध्ये गेलं. ज्यांनी परागकण कुंचल्यानं फुलावर टेकवले त्या मजुरांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

चव कशी निघाली? कप चाखणारे तिला समतोल म्हणतात, मोखाच्या कॉफीची किंचित आठवण देणारी, मसाल्याची हलकी छटा असलेली. राकट आजोबा कुठे दिसत नाहीत. पुढे हे बी इंडोनेशियात गेलं आणि तिथे ‘जेंबर’ या गावाच्या नावानं नांदू लागलं; त्याच जावाच्या बेटावर, जिथे तांबेऱ्यानं अरेबिकाचे मळे रिकामे केले होते.

इथे मुंबईची एक गोष्ट जोडायला हवी. मंदीत कॉफीचा भाव पडला तेव्हा देशातच पिणारे तयार करावेत म्हणून 1935 मध्ये कॉफी सेस समिती नेमली गेली, आणि तिनं 1936 मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. मराठी मध्यमवर्गाची कॉफीशी जी वाङ्मयीन मैत्री झाली ती अशा टेबलांवर. त्या पहिल्या कपांत कूर्ग आणि केंट असणार, एस. 795 तेव्हा प्रयोगाच्या वाफ्यात होती. पन्नाशीच्या-साठीच्या दशकांत हळूहळू कप बदलत गेला. त्या टेबलांवर जगातल्या सगळ्या गोष्टींवर वाद झाले. कॉफीतलं झाड बदललं यावर झाल्याचं माझ्या वाचनात तरी नाही. एका आफ्रिकन राकट झाडाचा अंश आपल्या घशाखाली जातो आहे, हे कुणाच्या जिभेनं सांगितलं नाही. ज्यांनी ते काम केलं त्यांना याहून मोठी पावती कोणती, मला सुचत नाही. आणि तरीही ‘टणक झाड म्हणजे बेचव फळ’ हे वाक्य मी आजही शेतीतल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकतो.

वाक्य अगदी निराधार नाही. त्याला बळ मिळालं ते पुढच्या पिढीमुळे, आणि त्या पिढीचं माहेर आपल्या ओळखीचं आहे. पोर्तुगीज तिमोर, जे शतकानुशतकं गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अमलाखाली होतं, तिथल्या एका मळ्यात 1927 च्या सुमारास अरेबिकाचं एक झाड तांबेऱ्यात उभं राहिलेलं आढळलं. तो अरेबिका-रोबस्टाचा आपोआप झालेला संकर होता, तोही 44 गुणसूत्रांचा, म्हणजे पुढे चालणारा. पोर्तुगालमध्ये ओइरास इथे 1955 साली कॉफीच्या तांबेऱ्यासाठीच संशोधन केंद्र निघालं, तिथे हे बी पोचलं, आणि ‘कातुर्रा’ या बुटक्या जातीशी त्याचा संकर होऊन ‘कातिमोर’ जगभर गेली. आपल्याकडे ती 1985 मध्ये ‘कावेरी’ नावानं आली. बुटकी, दाट, लवकर धरणारी. मळेवाले खूष, चाखणारे नाखूष. आणि काही वर्षांत तांबेऱ्याचे नवे वंश तिच्यावरही आले. म्हणजे चव गेली ती गेली आणि रोगही आला. वरच्या वाक्याला असा साक्षीदार मिळाल्यावर ते कोण सोडणार?

पण तिमोरच्याच झाडाचा बाळेहोन्नूरच्या परंपरेत इथिओपियाच्या ‘तफारिकेला’ या जातीशी संकर झाला, तो ‘सिलेक्शन 9’. कॉफी बोर्डाच्या 2002 च्या चवस्पर्धेत उत्तम अरेबिकाचा मान तिनं घेतला. आजोबा तेच, आजी वेगळी निवडली. 2007 मध्ये आलेली ‘चंद्रगिरी’ही तिमोरचीच नात. माझं मत इतकंच की चव बिघडण्याचं खापर टणकपणावर फुटतं तेव्हा बहुतेक वेळा दोष घाईचा असतो.

एस. 795 चं पुढे काय झालं, हे लपवत नाही. तिच्यावरही तांबेरा येतो. लिबेरिकाकडून आलेलं कवच भेदणारा वंशही शेवटी मळ्यांत वाढलाच. आज तिला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारावं लागतं, आमच्याकडे सुपारीवर कोळेरोगासाठी मारतात तेच. तरी मळेवाले ती काढून टाकत नाहीत. टणकपणासाठी जन्माला घातलेली जात आता चवीसाठी राखली जाते.

महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव घेतलं जातं. इंग्रजी अमदानीपासून तिथे सातपुड्याच्या त्या उंचीवर ती थोडीफार होते. अरेबिकाला उंची लागते, सावली लागते. कुणकेश्वरच्या उघड्या कातळावर तिचं काही चालणार नाही. मग हा माणूस आंब्याच्या मुलखात बसून कॉफीच्या मागे का लागला, असं मला विचारतात. विचारणाऱ्यांत माझा धाकटा भाऊही आहे.

कारण आमच्या बागेच्या वरच्या कोपऱ्यात ‘रत्ना’ची दोन कलमं आहेत. नीलम आणि हापूस यांचा हा संकर वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं केला, कोकण कृषी विद्यापीठानं तो 1981 मध्ये प्रसारित केला. दरवर्षी धरतो, साका होत नाही. वडिलांनी कलमं स्वतः वेंगुर्ल्याहून आणली, एस.टी.च्या टपावर ठेवून नव्हे, मांडीवर धरून. बाकी सगळी बाग हापूसची, आणि बांधापलीकडची, त्यापलीकडचीही. हापूसचं प्रत्येक कलम म्हणजे एकाच झाडाची काडी पुढे पुढे बांधत आलेली. सिलोनची कॉफी निदान बियांची तरी होती. गेल्या काही वर्षांत तुडतुडे, फुलकिडे, भुरी, अवकाळी यांच्यापुढे फवारण्यांचा खर्च कुठे गेला आहे ते देवगड तालुक्यात कुणालाही विचारा. भाऊ म्हणतो, रत्नाला दलाल पेटीचा भाव देत नाही, जागा अडते, काढून दोन हापूस लावू. त्याचं गणित चुकीचं नाही. मी त्याला बाळेहोन्नूरची गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली आणि विचारलं, “वीस वरसां खर्च कोणी केलो?” संस्थानानं, म्हटलं. तो हसला. कलमं या पावसाळ्यात तरी उभी आहेत.

गेल्या महाशिवरात्रीला मी चिकमगळूरहून एस. 795 चे भाजलेले दाणे मागवले होते, पुडीवर क्रमांक छापलेले. आता तशी मिळते. घरी दळली, दूध कमी घातलं, जायफळ मुद्दाम घातलं नाही. मूळ चव कळावी म्हणून. खाली देवळाकडून ढोल ऐकू येत होते. आई ऐंशीच्या पुढची आहे. तिनं दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि जरा वेळ काहीच बोलली नाही. मी विचारलं, कशी आहे? ओळखीची वाटते का?

“वळखीची आसा,” ती म्हणाली. “पण जायफळ घालूक इसारलंस काय रे?”